निनावी फोनवरून पोलीस तुमची गाडी कधी थांबवू शकतात? अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या मराठी माणसांसाठी

२३ ऑगस्ट २००८ ची दुपार. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या हायवे १ वरून कुणीतरी ९११ ला फोन केला. चंदेरी फोर्ड पिकअपने आपल्याला रस्त्याबाहेर ढकललं, तो ट्रक ८८ व्या मैलापासून दक्षिणेकडे निघालाय आणि त्याचा नंबर अमुक आहे, अशी तक्रार होती. ३ वाजून ४७ मिनिटांनी ही बातमी हायवे पेट्रोलकडे पोहोचली. चारच्या सुमारास ६९ व्या मैलाजवळ एका अधिकाऱ्याला तो ट्रक दिसला. गाडी वळवून तो त्याच्या मागे लागला. सुमारे पाच मिनिटं पोलीस मागे होते आणि त्या पाच मिनिटांत ट्रकने एकही चूक केली नाही. तरी त्यांनी तो थांबवला. जवळ गेल्यावर गांजाचा वास आला आणि मागच्या भागात ३० पौंड गांजा सापडला.

ट्रकमधल्या माणसांच्या वकिलांचा मुद्दा सरळ होता: पोलिसांनी स्वतः काहीच गैर पाहिलं नव्हतं, मग कोण कुठल्या माणसाच्या फोनवर गाडी थांबवायचा हक्क त्यांना कुठून आला? हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की गाडी थांबवणं वैध होतं. नॅव्हरेट विरुद्ध कॅलिफोर्निया हा तो खटला.

न्यू जर्सी असो, बे एरिया असो की डॅलस, आपली माणसं रोज तासन्‌तास गाडी चालवतात. मागे लाल-निळे दिवे लागले की बहुतेकांना दोनच शक्यता सुचतात, वेग किंवा सिग्नल. कुणाच्या तरी फोनमुळेही गाडी थांबवली जाऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या फोनला कायद्यात किती वजन आहे, ते कसं तपासायचं आणि रस्त्यावर व नंतर काय करायचं, हे इथे क्रमाने सांगतो. प्रत्यक्ष खटल्यात तुमच्या राज्यातला वकील लागणारच. पण त्याला काय विचारायचं हे तरी आधी कळायला हवं.

१. आधी बघा: फोन सोडून दुसरं कारण होतं का?

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडती आणि अटकावापासून संरक्षण देते. गाडी थांबवणं हासुद्धा अटकावच आहे, क्षणभराचा असला तरी. त्यासाठी पोलिसांकडे किमान वाजवी संशय हवा, म्हणजे शब्दांत सांगता येईल असं ठोस काहीतरी. नुसती शंका किंवा चेहऱ्याकडे बघून आलेला अंदाज चालत नाही. लायसन्स आहे का ते बघू म्हणून वाटेल ती गाडी थांबवता येत नाही, हे १९७९ च्या डेलावेअर विरुद्ध प्राउस खटल्यात ठरलं. दारू तपासणीची नाकेबंदी हा याला अपवाद. १९९० मध्ये न्यायालयाने ती मान्य केली, मात्र काही राज्यं स्वतःच्या कायद्याने ती करू देत नाहीत.

पण एक मोठी फट आहे. १९९६ च्या रेन विरुद्ध अमेरिका या निकालानुसार अधिकाऱ्याने वाहतुकीचा कुठलाही छोटा नियम मोडलेला पाहिला, तर मनात हेतू काही असो, थांबवणं वैध ठरतं. फोन आला आहे आणि त्यावर भरवसा नाही, अशा वेळी अधिकारी तुमच्या मागे राहतो आणि वाट बघतो. इंडिकेटर न देता लेन बदलली, मागचा दिवा बंद निघाला, नंबर प्लेटवरचा बल्ब गेलेला असला, की कारण मिळालं. मग फोन खरा की खोटा हा वाद कोर्टात येतच नाही. म्हणून गाडीचे सगळे दिवे महिन्यातून एकदा तपासा. या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला हाच आहे, आणि बहुधा सगळ्यात उपयोगाचाही.

२. फोन करणारा खरोखर निनावी होता का?

ज्याने नाव सांगितलं, किंवा जो रस्त्याकडेला थांबून पोलिसांशी समोरासमोर बोलला, त्याची माहिती निनावी धरली जात नाही. खोटं बोललो तर आपण सापडू, हे त्याला माहीत असतं आणि म्हणून त्याच्या शब्दाला वजन येतं. नॅव्हरेटमध्ये तर फोन करणाऱ्या बाईने फोनवर नाव सांगितलं होतं. पण सुनावणीला ती आली नाही, फोन घेणारी व्यक्तीही आली नाही, त्यामुळे फोन निनावी धरूनच खटला चालला. यावरून लक्षात घ्या की पोलीस अहवालात निनावी फोन असं लिहिलेलं असलं, तरी रेकॉर्डिंगमध्ये वेगळंच निघू शकतं. उलटही होतं, अहवालात साक्षीदार म्हणून लिहिलेल्या माणसाचा पत्ताच नसतो.

३. फोनचं वजन: तीन खटले शेजारी ठेवून बघा

नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा हे तीन खटले समजून घ्या. बाकीचं त्यातूनच उलगडतं.

पहिला १९९० चा, अलाबामा विरुद्ध व्हाइट. मॉन्टगोमेरी शहरात पोलिसांना निनावी फोन आला की अमुक बाई अमुक वेळेला अमुक अपार्टमेंटमधून निघेल, मागच्या दिव्याची काच फुटलेल्या तपकिरी प्लिमथ गाडीत बसेल, अमुक मोटेलला जाईल आणि तिच्या ब्रीफकेसमध्ये कोकेन असेल. पोलीस पाळतीवर राहिले. बाई निघाली, त्याच गाडीत बसली, थेट त्या मोटेलच्या रस्त्याला लागली. मोटेल जवळ आल्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. न्यायालयाने ते मान्य केलं, पण हे प्रकरण काठावरचं आहे असंही सांगितलं. मान्य करण्याचं कारण असं: ती पुढे काय करणार हे फोन करणाऱ्याने आधीच सांगितलं आणि तसंच घडलं. इतकी आतली माहिती असणाऱ्याला बाकीचंही ठाऊक असेल, असा न्यायालयाचा तर्क.

दुसरा २००० चा, फ्लोरिडा विरुद्ध जे. एल. मायामीत फोन आला: बसस्टॉपवर चौकड्यांच्या शर्टातला कृष्णवर्णीय तरुण उभा आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे. पोलीस गेले, तसा मुलगा दिसला, अंगझडती घेतली आणि पिस्तूल खरंच सापडलं. तरी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ती झडती बेकायदा ठरवली. शर्ट, जागा आणि वर्णन कुणालाही रस्त्यावरून दिसतं. त्यावरून माणूस ओळखता येतो, पण त्याच्यावरचा आरोप खरा आहे हे त्यातून कळत नाही. शस्त्राचा मामला आहे म्हणून वेगळी सूट द्या, ही सरकारची मागणीही फेटाळली गेली. शिवाय नंतर काय सापडलं, यावरून आधीची झडती कायदेशीर ठरत नाही. त्या क्षणी पोलिसांना काय माहीत होतं, एवढंच बघायचं.

तिसरा नॅव्हरेट. इथे पुढचं भाकीत नव्हतं, आतली माहितीही नव्हती. मग फोनला वजन कुठून आलं? न्यायमूर्ती थॉमस यांनी बहुमताच्या निकालपत्रात चार गोष्टी धरल्या. फोन करणारीने प्रकार स्वतः भोगला होता. फोन घटनेनंतर लगेच झाला होता, गोष्ट रचायला वेळ नव्हता. ९११ चे फोन रेकॉर्ड होतात आणि नंबर व ठिकाण शोधता येतं, त्यामुळे खोटं बोलणारा कचरेल. आणि शेवटची गोष्ट, दुसऱ्या गाडीला रस्त्याबाहेर ढकलणं हे दारू पिऊन चालवण्याचं ओळखीचं लक्षण, म्हणजे गुन्हा त्या घडीलाही चालू असण्याची शक्यता. सीटबेल्ट नव्हता किंवा गाडी थोडी वेगात होती, एवढ्याशा तक्रारीवर दारूचा संशय उभा राहत नाही, हेही त्याच निकालात आहे. तुमच्या वकिलाला ते वाक्य लागेल.

न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधात लिहिलं आणि गिन्सबर्ग, सोटोमायॉर आणि केगन त्यांच्यासोबत होत्या. मला त्यांचंच म्हणणं पटतं. ट्रकचा रंग, नंबर आणि दिशा तर रस्त्यावरच्या कुणालाही दिसते. ती खरी निघाली म्हणून आरोप खरा कसा? आणि प्यायलेला माणूस पोलीस मागे दिसले म्हणून ठरवून पाच मिनिटं नीट चालवू शकत नाही. मग ती निर्दोष पाच मिनिटं संशय कमी करणारी मानायला हवी होती. लेन बदलण्यावरून चिडलेल्या माणसाने रागात फोन केला तर काय, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर बहुमताने दिलं नाही असं मला वाटतं. पण कायदा आज बहुमताचा आहे आणि गाडी त्या कायद्याखाली चालवायची आहे.

४. आपल्या प्रसंगाला हे प्रश्न लावा

फोन करणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकीव सांगितलं? कधी पाहिलं, आत्ता की काल? काय पाहिलं: ठोस वागणं, की नुसतं मत? समोरून येणाऱ्या लेनमध्ये शिरला, हे वागणं झालं. प्यायलेला वाटतोय, हे मत झालं. फोन ९११ वर होता की नाव न विचारणाऱ्या टिप लाइनवर? नॅव्हरेटचा तर्क माग काढता येण्यावर उभा आहे, त्यामुळे मुद्दाम निनावी ठेवलेल्या लाइनला तो तसाच लावता येत नाही. आणि आरोप चालू धोक्याचा आहे की लपवलेल्या वस्तूचा? करड्या होंडामध्ये ड्रग्ज आहेत, एवढाच फोन असेल तर तो जे. एल.च्या जातीचा. पोलिसांना अजून काहीतरी स्वतः पाहावं लागेल.

यांपैकी एकाच उत्तरावर खटला हरत किंवा जिंकत नाही. न्यायालय सगळी परिस्थिती एकत्र बघतं.

५. राज्य कोणतं?

नॅव्हरेट हे किमान संरक्षण आहे. स्वतःच्या राज्यघटनेच्या आधारे राज्यं त्याहून जास्त देऊ शकतात. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नॅव्हरेटची कसोटी स्वीकारली नाही, आपली जुनी कडक कसोटी कायम ठेवली: माहिती कुठून आली आणि देणारा विश्वासार्ह का, हे दोन्ही दाखवा. वॉशिंग्टन राज्यात २०१५ च्या एका खटल्यात ९११ च्या फोनांवरून थांबवलेल्या गाडीचा अटकाव अवैध ठरला. न्यू जर्सीत मात्र वारं उलट आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच, म्हणजे नॅव्हरेटच्या कितीतरी आधी, वेडीवाकडी गाडी चालल्याच्या निनावी ९११ फोनवर गाडी थांबवणं मान्य केलं होतं. न्यूयॉर्कमध्ये २०१४ ला एकाच वेळी निकाली निघालेल्या प्रकरणांत एकीकडे गाडी थांबवणं टिकलं, दुसरीकडे पुरावा बाद झाला. राज्याची सीमा ओलांडली की उत्तर बदलू शकतं.

६. दिवे लागले, आता काय?

रस्त्यावर तुम्हाला ठाऊक नसतं की फोन आला होता. अधिकाऱ्याने तुम्हाला ते तिथे सांगितलंच पाहिजे असंही नाही. त्यामुळे थांबवणं बेकायदा आहे असं वाटलं तरी थांबायचंच. हा वाद कोर्टात जिंकता येतो, रस्त्याकडेला कधीच नाही.

इंडिकेटर देऊन उजवीकडे सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा. गाडीतून उतरू नका. भारतात आपण कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो, तो आदर समजला जातो. इथे न सांगता उतरणं धोक्याचं लक्षण समजलं जातं. भारतातून आलेले आई-बाबा गाडीत असतील तर त्यांना हे आधीच समजावून ठेवा, कारण उतरून समजूत घालायला जाणारे बहुधा बाबाच असतात. पाकिटाला हात घालण्याआधी तोंडाने सांगा की लायसन्स खिशात आहे, काढतो. पैशांचा विषय चेष्टेतही काढू नका, लाच देऊ करणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा आहे. आणि आपसात मराठीत बोललेलंही बॉडी कॅमेऱ्यात रेकॉर्ड होतं, त्याचा अनुवाद करून घेता येतो.

लायसन्स, गाडीची नोंदणी आणि विम्याचा पुरावा दाखवावाच लागतो. उतरा म्हटलं तर चालकाने उतरावं (१९७७ चा निकाल), प्रवाशांनीही उतरावं (१९९७ चा). याहून पुढच्या प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक नाही. कुठून आलात, किती घेतलीत, या प्रश्नांना लोक गप्पांसारखी उत्तरं देतात. अशा साध्या थांबवण्यात अटकेआधी गप्प राहण्याचे वगैरे हक्क वाचून दाखवावे लागत नाहीत आणि तरी तुमचं उत्तर पुरावा म्हणून वापरता येतं. फोनच्या कच्च्या संशयाला बळकटी मिळते ती बहुतेक वेळा चालकाच्याच दोन बिअर घेतल्या या वाक्याने. नम्रपणे म्हणा, मला या प्रश्नांची उत्तरं द्यायची नाहीत. खोटं मात्र बोलू नका.

गाडी बघू का, असं विचारलं तर तो आदेश नसतो, परवानगी मागणं असतं. नाही म्हणायचा हक्क आहे, हे सांगायची जबाबदारी पोलिसांवर नाही. १९७३ पासून कायदा असाच आहे. माझी झडतीला संमती नाही, असं स्पष्ट आणि शांतपणे एकदा म्हणा. तरी त्यांनी झडती घेतली तर अडवू नका. नकार रेकॉर्डवर आला, तुमचं काम झालं. आपल्या संस्कारात मोठ्या माणसाला, त्यातून वर्दीतल्या माणसाला, नाही म्हणणं उद्धट वाटतं. म्हणून हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा, कॉलेजला जाणाऱ्या मुलांकडूनही म्हणवून घ्या. मोबाइल फोनची झडती घ्यायला सहसा वॉरंट लागतं, २०१४ च्या रायली खटल्यात ते ठरलं. तेव्हा अनलॉक करून हातात देऊ नका.

वेळेकडे लक्ष ठेवा. ज्या कामासाठी थांबवलं ते संपल्यावर, नवा संशय नसताना, श्वानपथक येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. रॉड्रिगेझ खटल्यात २०१५ मध्ये असा निकाल लागला. सगळं आटोपलंय असं वाटलं की विचारा: मी आता जाऊ शकतो का?

दारूचा संशय असेल तर फरक नीट समजून घ्या. रस्त्याकडेला सरळ रेषेत चालणं, एका पायावर उभं राहणं, या चाचण्या बहुतेक राज्यांत ऐच्छिक आहेत. अटकेनंतरची श्वासाची चाचणी वेगळी. ती नाकारली तर लायसन्स निलंबित होतं, कारण रस्त्यावर गाडी चालवली म्हणजे त्या अटीला मान्यता दिली, असं कायदा धरतो. रक्त घ्यायला सहसा वॉरंट लागतं. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, यूटामध्ये ०.०५.

७. त्याच रात्री लिहून काढा

घरी पोचल्यावर झोपण्याआधी लिहा. पोलीस किती अंतर आणि किती वेळ मागे होते, त्या वेळात तुम्ही काय केलंत, दिवे किती वाजता लागले, पहिलं वाक्य काय होतं. आमच्याकडे फोन आलाय असं अधिकारी बोलला असेल तर शब्द जसेच्या तसे लिहा. त्याआधी रस्त्यावर कुणाशी वाजलं होतं का, हॉर्न, हातवारे, पार्किंगवरून बाचाबाची, तेही लिहा. ही टिपणं फक्त वकिलासाठी आहेत. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, तिथला शब्द उद्या फिर्यादी पक्षाच्या हातात जाऊ शकतो. स्वतःच्या डॅशकॅमचं कार्ड लगेच काढून ठेवा. बरेच कॅमेरे जुन्यावर नवं रेकॉर्ड करतात.

८. वकील आणि तारखा

९११ चं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. मुदत ठिकाणागणिक बदलते, काही ठिकाणी ती थोड्या महिन्यांची असते. म्हणून वकिलाला पहिलं काम हे सांगा: रेकॉर्डिंग, डिस्पॅचचा (फोन घेऊन अधिकाऱ्यांना कळवणाऱ्या कक्षाचा) मिनिटवार लॉग, बॉडी कॅमेरा आणि गाडीतला कॅमेरा जपून ठेवावा असं पत्र ताबडतोब पाठवा. फोन करणाऱ्याने प्रत्यक्ष काय सांगितलं आणि अधिकाऱ्यापर्यंत त्यातलं काय पोचलं, यात अनेकदा अंतर असतं. बहुतेक खटले त्या अंतरात लढले जातात.

त्यानंतर पुरावा बाद करण्याचा अर्ज येतो. थांबवणंच अवैध ठरलं तर त्यातून मिळालेला पुरावा सहसा वापरता येत नाही, आणि खटल्यात मग फारसं काही उरत नाही. गाडीतला प्रवासीही हा अर्ज करू शकतो, कारण गाडीसोबत त्यालाही अटकाव झालेला असतो. २००७ च्या ब्रेंडलिन खटल्यात हे मान्य झालं.

लायसन्सचा मामला कोर्टापेक्षा वेगळ्या वाटेने चालतो आणि त्याची मुदत फार छोटी असते. दारूच्या अटकेनंतर कॅलिफोर्नियात डीएमव्हीची (लायसन्स देणाऱ्या खात्याची) सुनावणी मागायला १० दिवस मिळतात, टेक्सासमध्ये १५.

तुम्ही नागरिक नसाल तर आणखी एक काळजी घ्या. दारू पिऊन चालवण्याच्या नुसत्या अटकेवरूनही, दोषी ठरण्याआधीच, पासपोर्टमधला व्हिसा रद्द होऊ शकतो आणि ते पुढच्या भारतवारीच्या वेळी अंगाशी येतं. कोर्टात तडजोड म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते विचारा. फौजदारी वकिलाने हा सल्ला देणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी खटल्यात म्हटलं आहे. दंड भरून मोकळं होऊ, ही घाई इथे महागात पडते.

९. फोन तुम्हीच करणार असाल तर

पुढची गाडी लेन सोडून भरकटतेय, दुभाजकाला घासतेय, तर जरूर फोन करा. त्यातून जीव वाचतात. फोन शेजारच्याला करायला सांगा किंवा हँड्सफ्री वापरा, आणि पाठलाग करू नका. रस्ता, मैल-खूण किंवा एक्झिट, दिशा, रंग, मेक, नंबर सांगा. मग डोळ्यांनी पाहिलं तेच सांगा: मी आत्ता तिला दोनदा शोल्डरवर जाताना पाहिलं. चालक प्यायलेला आहे असा निष्कर्ष स्वतः काढू नका. चालकाचा वर्ण किंवा पेहराव डिस्पॅचरने विचारल्याशिवाय सांगू नका, त्याने काही सिद्ध होत नाही. आणि जमत असेल तर नाव सांगा. तुमच्या नावाने खऱ्या तक्रारीला बळ मिळतं, आणि चुकीची असेल तर ती तपासायला थांबवल्या गेलेल्या माणसाला एक वाट राहते.